पोटाचा जुनाट आजार आणि सक्तीची लष्करी सेवा: वैद्यकीय मंडळासमोर जाण्याआधीची तयारी

सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं की पोटाचा जुनाट आजार असलेल्या मुलाच्या घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘या आजाराला सूट मिळते का?’ प्रश्न साहजिक आहे, पण त्याला थेट उत्तर नाही. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या एकाच आजाराचा एक रुग्ण कायमचा मोकळा होतो, दुसऱ्याला बैठ्या कामावर घेतात, तिसऱ्याला ‘वर्षभराने परत या’ सांगतात. वैद्यकीय मंडळाला आजाराच्या नावात फारसा रस नसतो. आजारामुळे शरीराचं कोणतं काम किती अडतं आणि ते तपासण्यांमधून दिसतं का, हे त्यांना बघायचं असतं. त्यामुळे तयारी करायची ती या दोन गोष्टींची.

रशिया, दक्षिण कोरिया, इस्रायल, सिंगापूर, फिनलंड, स्वित्झर्लंड अशा देशांत ही सक्ती आहे. इस्रायल, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये ती मुलींनाही लागू आहे. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, पण फाइल तयार करण्याची रीत जवळपास सारखीच आहे. हा लेख त्या रितीबद्दल आहे. सेवा टाळायची असलेल्यासाठी आणि सेवा करायची खूप इच्छा असलेल्यासाठीही.

पहिली पायरी: नियमाचा मूळ मजकूर मिळवा

ओळखीतल्या कुणाला काय मिळालं यावर विसंबू नका. प्रत्येक देशात आजारांची अधिकृत यादी असते आणि ती बदलत राहते. सध्या लागू असलेली आवृत्ती मिळवा आणि तिच्यात आपला आजार कोणत्या कलमात बसतो ते शोधा.

रशियाचं उदाहरण घेऊ, कारण तिथली यादी बरीच तपशीलवार आहे. ४ जुलै २०१३ च्या शासकीय ठराव क्रमांक ५६५ ला ‘आजारांचं वेळापत्रक’ जोडलेलं आहे. त्यात आतड्याचे आजार कलम ५७ मध्ये, जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा अल्सर कलम ५८ मध्ये, तर जठरदाह, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंडाचे आजार कलम ५९ मध्ये येतात. प्रत्येक कलमाचे पोटभाग पाडलेत ते बिघाड किती यावरून: लक्षणीय, मध्यम, किरकोळ. शेवटी उमेदवाराला पाचांपैकी एक अक्षर मिळतं. ‘आ’ म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, ‘बे’ म्हणजे किरकोळ मर्यादांसह तंदुरुस्त, ‘वे’ म्हणजे मर्यादित तंदुरुस्त (भरती होत नाही, पण नाव राखीव यादीत जातं), ‘गे’ म्हणजे तात्पुरता अपात्र आणि ‘दे’ म्हणजे अपात्र.

दक्षिण कोरियात एक ते सात असे दर्जे आहेत. पहिले तीन प्रत्यक्ष सेवेचे, चौथा पूरक सेवेचा, पाचवा फक्त युद्धकाळातल्या कामाचा, सहावा पूर्ण सूट आणि सातवा फेरतपासणीचा. इस्रायलमध्ये अंक देतात. सर्वोच्च ९७. अंक खाली येईल तशा लढाऊ तुकड्या बंद होत जातात. २४ म्हणजे तात्पुरता अपात्र, २१ म्हणजे आरोग्याच्या कारणाने सूट. फिनलंडमध्ये ‘ए’ आणि ‘बी’ वर्गातले सेवेत जातात, ‘बी’ वाले काही मर्यादांसह. ‘सी’ ला शांतताकाळात सूट असते आणि ‘ई’ म्हणजे नंतर पुन्हा तपासणी.

हे सगळे दर्जे एकत्र पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. ‘घेतलं’ आणि ‘सोडलं’ यांच्यामध्ये बरीच मोठी मधली जागा आहे, आणि पोटाच्या आजाराचे खूपसे उमेदवार त्या मधल्या जागेतच येतात. म्हणून नियम वाचताना नुसता सूट देणारा परिच्छेद शोधू नका. त्याच्या वरचा आणि खालचाही वाचा. दोन दर्जांमधली सीमारेषा बहुतेक वेळा एखाद्या मोजता येणाऱ्या गोष्टीवर असते: वर्षातून किती वेळा आजार उसळला, किती वेळा रुग्णालयात राहावं लागलं, वजन किती उतरलं, शस्त्रक्रिया झाली का. ती गोष्ट कोणती हे कळलं की पुढे कोणता कागद लागणार तेही कळतं.

आणखी एक बारकावा. अशा याद्यांमध्ये सक्तीने येणारे, करारावर येणारे आणि विशेष तुकड्यांत जाणारे यांचे रकाने वेगवेगळे असू शकतात. घाईत भलताच रकाना वाचून निश्चिंत झालेली माणसं असतात.

दुसरी पायरी: निदान पक्कं करा, वेळेत करा

बोलावणं येण्याच्या किमान वर्षभर आधी सुरुवात झालेली बरी. कोलोनोस्कोपीसारख्या (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून पाहणी) तपासणीला अनेक ठिकाणी थांबावं लागतं, हे एक कारण. त्याहून मोठं कारण म्हणजे ‘जुनाट’ हा शब्द एका तपासणीने सिद्ध होत नाही. तपासणी, उपचार, पुन्हा तपासणी अशी मालिका लागते. बोलावण्याच्या आदल्या महिन्यात जमा केलेला गठ्ठा मंडळाला संशयास्पद वाटतो, आणि त्यांचं काही चुकतं असंही नाही.

कोणत्या आजाराला कोणता पुरावा चालतो, ते पाहू.

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहाच्या आजारांत कोलोनोस्कोपीचा अहवाल आणि बायोप्सीचा (आतड्याचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) अहवाल हे दोन पाय आहेत. एक असून दुसरा नसेल तर फाइल लंगडते. क्रोन्समध्ये लहान आतड्याचा जो भाग दुर्बिणीने दिसत नाही त्यासाठी एमआर एन्टेरोग्राफी (लहान आतड्याचा एमआरआय) करतात. तिचा अहवाल असेल तर जरूर जोडा. त्यानंतर येते शौचाची कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातला दाह दाखवणारं प्रथिन) तपासणी. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खालचा आकडा असेल तर आतड्यात दाह असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर गेला तर दाह चालू असण्याची शक्यता बरीच. ही तपासणी स्वस्तात, त्रासाविना पुन्हापुन्हा करता येते, म्हणून वर्षभरातले तीन-चार आकडे तारखांसह एकाखाली एक मांडले की आजाराची चाल डोळ्यांसमोर येते. सोबत रक्तातलं हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), अल्ब्युमिन (एक प्रथिन), सीआरपी (दाहाची खूण) आणि बी-१२ जीवनसत्त्व. पुरुषांत हिमोग्लोबिन डेसिलिटरला १३ ग्रॅमच्या खाली असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येने तो रक्तक्षय ठरतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेल्यांना बी-१२ कायम बाहेरून द्यावं लागू शकतं, आणि हे मंडळाला आपण होऊन सांगायला हवं.

डॉक्टरांना विनंती करून अहवालात आजाराची प्रमाणित प्रतवारी लिहून घ्या. क्रोन्ससाठी मॉन्ट्रियल वर्गीकरण आणि कोलायटिससाठी मेयो स्कोअर जगभर समजतो. ‘आजार बऱ्यापैकी आहे’ या वाक्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावेल, मेयो स्कोअरचा लावता येणार नाही.

सिलिअॅक आजारात (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते) एक घोळ वारंवार होतो. त्रास होतो म्हणून मुलगा स्वतःच्या मनाने ग्लुटेन बंद करतो, बरं वाटतं, आणि मग तपासणीला जातो. पण रक्तातली टीटीजी प्रतिपिंडं (या आजारात वाढणारी) आणि आतड्यातली इजा ग्लुटेन खाणं चालू असेल तरच नीट दिसते. बंद केल्यावर काही महिन्यांत दोन्ही ओसरू लागतात आणि अहवाल ‘सामान्य’ येऊ शकतो. मग मंडळासमोर सांगण्यासारखं काही उरत नाही. म्हणून निदान व्हायचं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान सहा आठवडे रोज ग्लुटेन पोटात जायला हवं, आणि मग टीटीजी-आयजीए, सोबत एकूण आयजीए (रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार), आणि गरजेप्रमाणे लहान आतड्याची बायोप्सी. एकूण आयजीए मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी फसवते, म्हणून दोन्ही एकत्र.

अल्सरसाठी एंडोस्कोपी (तोंडावाटे दुर्बीण घालून जठराची पाहणी) हवीच. नुसत्या ‘जेवल्यावर दुखतं’ या तक्रारीवर कुणी अल्सर मानत नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची तपासणीही जोडा. श्वासाची चाचणी करणार असाल तर प्रतिजैविकं चार आठवडे आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल ‘नाही’ म्हणतो. अर्थात गोळ्या थांबवायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच. एकेकाळी अल्सर हा जन्माचा सोबती मानला जाई. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जिवाणू शोधला, त्यांना २००५ साली नोबेल मिळालं, आणि चित्र पालटलं. जिवाणू गेला की बहुतेकांचा अल्सर परत येत नाही. म्हणून चार वर्षांपूर्वी भरून आलेल्या अल्सरचा कागद घेऊन फार मोठ्या अपेक्षेने जाऊ नका. रक्तस्राव झाला होता, छिद्र पडलं होतं, शस्त्रक्रिया झाली होती, तर मात्र तो इतिहास वेगळ्या वजनाचा आहे.

अन्ननलिकेत आम्ल उलटण्याच्या त्रासात एंडोस्कोपीवर लॉस एंजेलिस पद्धतीने ‘ए’ ते ‘डी’ अशी प्रत देतात. सौम्य प्रतीला सहसा सूट मिळत नाही, एवढं समजून असावं. स्वादुपिंडाचा जुनाट दाह आणि पित्ताशयातले खडे यांत सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआय बोलतं.

राहिला सगळ्यांत अवघड मामला: इरिटेबल बाउल सिंड्रोम. इथे त्रास खरा असतो, पण दुर्बिणीतून आतडं ठणठणीत दिसतं. निदान होतं ते रोम-४ या आंतरराष्ट्रीय निकषांवर: गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी, ती शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या स्वरूपाशी जोडलेली, आणि त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची. असा रुग्ण मंडळासमोर गेला की ‘ताण घेऊ नकोस’ हे ऐकून परत येण्याची शक्यता बरीच. माझं मत विचाराल तर या निदानावर पूर्ण सूट मिळण्याची आशा धरू नये. मागायचं असेल तर कामाच्या स्वरूपातली मर्यादा मागावी. त्यासाठी बाकीचे आजार नाहीत हे दाखवणाऱ्या तपासण्या, एकाच डॉक्टरकडे नियमित गेल्याच्या नोंदी आणि रोजनिशी एवढं भांडवल हातात हवं.

तिसरी पायरी: रोजनिशी

दोन-तीन महिने पुरतात. रोज एक ओळ: किती वेळा शौचाला जावं लागलं, रात्री उठावं लागलं का, रक्त दिसलं का, दुखणं दहापैकी किती, घाई लागल्यावर किती मिनिटं थांबता आलं, कोणतं काम किंवा वर्ग बुडाला. आठवड्यातून एकदा वजन. चांगले दिवसही लिहा. ज्या वहीत एकही चांगला दिवस नाही, ती वही वाचणारा मनातल्या मनात बंद करतो.

‘घाई लागल्यावर किती मिनिटं’ या रकान्याला मी सगळ्यांत जास्त किंमत देईन. पहाऱ्यावरचा सैनिक जागा सोडू शकत नाही. चिलखती वाहनातून मनाला येईल तिथे उतरता येत नाही. सरावात शौचालय लांब असतं, किंवा नसतंच. जेवणाच्या वेळा हुकतात, झोप तुटते, पाणी मोजून मिळतं. जुलाबाचा आजार असलेल्याला किंवा आतड्याचा मोठा भाग काढलेल्याला पाण्याची कमतरता इतरांपेक्षा लवकर आणि जास्त बाधते. मंडळातले डॉक्टर मनात हेच चित्र ठेवून तुमच्याकडे बघत असतात. तुमच्या नोंदी त्या चित्राशी जुळल्या तर त्यांचं काम सोपं होतं.

चौथी पायरी: तज्ज्ञांचं पत्र

फायलीतला सगळ्यांत महत्त्वाचा कागद हा, आणि बहुतेकांचा सगळ्यांत कच्चा निघतो तोही हाच. ‘रुग्णाला क्रोन्स आजार असून तो लष्करी सेवेस अपात्र आहे’ असं दोन ओळींचं पत्र जवळजवळ निरुपयोगी. पात्र की अपात्र हे ठरवणं मंडळाचं काम आहे, आणि बाहेरच्या डॉक्टरांनी ते परस्पर ठरवलेलं त्यांना रुचत नाही. पत्रात हवा तो तपशील. नमुना असा:

‘रुग्णाला तीन वर्षांपासून क्रोन्स आजार आहे. लहान आतड्याचा शेवटचा भाग बाधित. निदान कोलोनोस्कोपी व बायोप्सीने निश्चित, अहवाल सोबत जोडले आहेत. गेल्या बारा महिन्यांत आजार दोनदा उसळला, दोन्ही वेळा स्टेरॉइड द्यावं लागलं, एकदा रुग्णालयात दाखल. सध्या अॅडालिम्युमॅब दर दोन आठवड्यांनी त्वचेखाली. औषध २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवणं आवश्यक. औषध चालू असताना सध्या लक्षणं कमी. औषधात खंड पडल्यास आजार उसळण्याचा धोका. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असल्याने जिवंत जंतूंच्या लसी देऊ नयेत. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं टाळावीत. शौचाची घाई लागल्यास रुग्ण काही मिनिटांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. दर तीन महिन्यांनी तज्ज्ञांकडे तपासणी व रक्तचाचण्या आवश्यक.’

‘औषध चालू असताना लक्षणं कमी’ हे वाक्य मुद्दाम घातलं आहे. औषधामुळे शांत असलेला आजार आणि आपोआप शांत झालेला आजार यांत मोठा फरक आहे, आणि पत्रात तो सुटला तर मंडळ ‘लक्षणं नाहीत’ एवढंच वाचतं. तीच गोष्ट साठवणुकीच्या तापमानाची. डॉक्टरांना ती किरकोळ वाटते, पण शीतपेटीशिवाय हलणाऱ्या तुकडीत ते औषध टिकणार कसं, हा प्रश्न त्या एका ओळीमुळे मंडळासमोर येतो.

लशींची ओळही विसरू नका. भरती झाल्यावर पहिल्या दिवसांतच लसीकरण होतं. पीतज्वर, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या या लसी जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूंपासून बनतात. बायोलॉजिक औषधं (नमुना पत्रातल्या अॅडालिम्युमॅबसारखी), अॅझाथायोप्रिन किंवा मोठ्या मात्रेचं स्टेरॉइड घेणाऱ्याला त्या धोक्याच्या ठरू शकतात.

पाचवी पायरी: फाइल लावणं

सगळ्यात वर एक पानाचा सारांश: निदान, तारीख, उपचार, दाखल झाल्याच्या तारखा, सध्याची औषधं मात्रेसह. त्याखाली तज्ज्ञांचं पत्र, मग कोलोनोस्कोपी किंवा एंडोस्कोपी आणि बायोप्सी, मग स्कॅन, मग रक्त आणि शौचाच्या तपासण्या तारखेच्या क्रमाने, मग डिस्चार्ज कार्डं, शेवटी रोजनिशी. पानांना क्रमांक द्या आणि सारांशात त्यांचा उल्लेख करा. मंडळाकडे एका उमेदवारासाठी फार वेळ नसतो. जे पान शोधावं लागतं ते वाचलं जात नाही.

मूळ कागद हातचे सोडू नका. प्रती द्या, मूळ दाखवा, आणि काय दिलं त्याची पोच घ्या. उपचार दुसऱ्या देशात झाले असतील तर मंडळ ज्या देशाचं आहे तिथल्या भाषेत अधिकृत भाषांतर लागू शकतं. त्यालाही वेळ जातो.

लपवणं आणि फुगवणं

प्रश्नावलीत ‘पचनसंस्थेचा आजार आहे का’ या रकान्यापुढे काही जण ‘नाही’ लिहितात. कुणाला लढाऊ तुकडी हवी असते, कुणाला मित्रांत लाज वाटते. याचा परिणाम नंतर दिसतो. औषध लपूनछपून घ्यावं लागतं, मग बंद होतं, सरावात घोट्याला मुरड पडली की हातात आयब्युप्रोफेनची पट्टी येते, आणि आतडं पेटतं. वर ‘आजार आधीपासून होता आणि सांगितला नाही’ म्हणून भरपाईचा हक्कही अडचणीत येऊ शकतो.

उलट टोकाचे लोक तपासणीआधी मुद्दाम औषध सोडतात, म्हणजे अहवाल वाईट यावेत. हा डाव कुणी सुचवला तर तिथून उठून जावं. क्रोन्समध्ये एका मोठ्या उसळीने आतडं आकसू शकतं, फिस्टुला (आतड्यातून दुसरीकडे फुटणारी नळीसारखी वाट) होऊ शकतो, शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. काही बायोलॉजिक औषधं खंड पडल्यावर पुन्हा सुरू केली की शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि मग औषधं लागू पडेनाशी होतात. सूट मिळेल आणि औषध जाईल, असला हा सौदा. शिवाय सेवा चुकवण्यासाठी शरीराला इजा करणं किंवा फसवणूक करणं हा गुन्हा आहे. दक्षिण कोरियात त्याला एक ते पाच वर्षांची कैद आहे.

सहावी पायरी: तपासणीचा दिवस

उपाशी राहण्याची लेखी सूचना नसेल तर नेहमीचं खाऊन जा. औषधाची वेळ चुकवू नका. दिवसभराची औषधं, पाणी, बदलायचे कपडे जवळ ठेवा. आत गेल्यावर शौचालय कुठे आहे हे आधी विचारून घ्या. स्टोमा (शौचासाठी पोटावर केलेलं छिद्र) असेल तर जादा पिशवी ठेवा आणि कपडे उतरवण्याआधी तपासणाऱ्याला एका वाक्यात कल्पना द्या.

उंची, वजन, रक्तदाब, पोट दाबून पाहणं, काही प्रश्न. बोलण्याची वेळ येते तेव्हा मुलं संकोचतात आणि ‘पोटाचा थोडा प्रॉब्लेम आहे’ म्हणून गप्प होतात. शौचाबद्दल बोलायची लाज आपल्याकडे लहानपणापासून भरवलेली असते. घरी एकदा मोठ्याने बोलून सराव करा: ‘आजार उसळला की दिवसातून आठ वेळा शौचाला जावं लागतं, दोनदा रात्री. घाई लागली की पाच मिनिटांत पोचावं लागतं. सध्या औषधावर तीन वेळा.’ आकडे अर्थात आपले खरे असावेत, वहीत लिहिलेलेच. आजचा दिवस चांगला असेल तर तसं सांगा, आणि वाईट दिवस महिन्यातून किती येतात तेही सांगा.

मंडळ अनेकदा स्वतःच्या रुग्णालयात फेरतपासणीला पाठवतं. त्यात अविश्वास मानू नका. अशा तपासणीतून निघालेल्या निष्कर्षावर पुढे वाद घालणं त्यांनाही कठीण जातं. फक्त कोलोनोस्कोपी नुकतीच झाली असेल तर तो अहवाल दाखवून पुन्हा करणं खरंच आवश्यक आहे का, एवढं नम्रपणे विचारा.

निकाल लागल्यावर

निकाल लेखी घ्या, आणि त्यावर कलम, दर्जा आणि अपिलाची मुदत आहे का ते तिथेच पाहा. अपिलाची मुदत अनेकदा लहान असते.

तात्पुरता अपात्र हा निकाल बऱ्याच जणांना अर्धवट वाटतो. रशियात अशी स्थगिती सहसा सहा ते बारा महिन्यांची असते. हा काळ वाया घालवू नका. ज्या कागदाअभावी निर्णय अडला तो मिळवा, तज्ज्ञांकडे नियमित जा, नोंदी चालू ठेवा. पुढच्या खेपेला मंडळ पहिला प्रश्न ‘मधल्या काळात काय केलं’ हाच विचारेल.

अपील करायचं तर ‘मला हे मान्य नाही’ एवढ्याने भागत नाही. फाइलमधला कोणता अहवाल विचारात घेतला गेला नाही, नियमाचा कोणता पोटभाग लागू व्हायला हवा होता, किंवा कोणता नवा पुरावा आला आहे, यांपैकी एक तरी मुद्दा हवा. इथे एकदा वकिलाचा सल्ला घेणं पैसे वसूल करणारं ठरतं. त्याआधी निर्णय तुमच्या खऱ्या स्थितीशी जुळतो का, हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांना विचारा. कधीकधी तो जुळत असतो.

सेवा करायची इच्छा असेल तर

ही मुलंही कमी नाहीत. त्यांची फाइल वेगळी लागते: किती काळ लक्षणमुक्त, शेवटचं स्टेरॉइड कधी, ताजं कॅलप्रोटेक्टिन आणि कोलोनोस्कोपी, औषध घेण्याची सोय काय केली तर चालेल. इस्रायलमध्ये आरोग्यामुळे सूट मिळालेले तरुण स्वयंसेवक म्हणून अर्ज करू शकतात. स्वित्झर्लंडमध्ये सेवा न करणाऱ्याला करपात्र उत्पन्नाच्या ३ टक्के, किमान ४०० फ्रँक, असा वार्षिक कर भरावा लागतो. तिथल्या एका मधुमेही तरुणाची सेवेची तयारी होती, तरी त्याला अपात्र ठरवून हा कर लावला गेला. ३० एप्रिल २००९ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ग्लोर विरुद्ध स्वित्झर्लंड या खटल्यात हा भेदभाव असल्याचा निकाल दिला. जुनाट आजार असूनही हलकं काम करायला तयार असलेल्या माणसाचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हा त्यातला आपल्या उपयोगाचा भाग.

मर्यादांसह भरती झाल्यास

पहिल्याच आठवड्यात तुकडीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटा आणि पत्राची प्रत त्याच्या हातात द्या. मंडळाकडची फाइल आपोआप त्याच्यापर्यंत पोचते असं गृहीत धरू नका. औषध कुठे ठेवणार, कोण देणार, सराव बाहेरगावी असेल तर काय, हे लिहून घ्या. ग्लुटेनमुक्त किंवा इतर पथ्याचं जेवण लागत असेल तर छावणीतलं आणि मैदानी शिधा, दोन्हींची सोय विचारा. पहिल्याची असते आणि दुसऱ्याची नसते, असं होऊ शकतं. मंडळाने दिलेल्या मर्यादांचा कागद खिशात ठेवा. वरिष्ठ बदलला की त्या मर्यादा विस्मरणात जाऊ शकतात.

शौचावाटे रक्त, काळं डांबरासारखं शौच, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, न थांबणारी उलटी, पोट फुगून वारा न सरणं, झपाट्याने वजन उतरणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी आजारी असल्याची नोंद करा. दम काढू नका. दर वेळच्या भेटीची नोंद आणि तिची प्रत मागा. सेवेत असताना आजार बळावला तर दर्जा पुन्हा ठरवून घेता येतो, आणि त्या फेरमंडळासमोर या नोंदीच चालतात. सेवा संपल्यावरही फाइल टाकून देऊ नका. राखीव दलाची बोलावणी पुढे कित्येक वर्षं येत राहतात, आणि दर वेळी तज्ज्ञांचं ताजं पत्र लागतं. जुन्या पत्रावर नवी तारीख घालून चालत नाही.